सावली शेवटच्या आठवड्यात

चित्र काढायला हात लागतो असं लोक म्हणतात. माझ्या मते वेळापत्रक लागतं. मी पाणीपुरवठा खात्यात आहे, आणि शहराच्या कुठल्या भागाला किती वाजता पाणी सोडायचं याचं वेळापत्रक वर्षानुवर्षं मीच करतो. पाणी त्याप्रमाणे येतंच असं नाही, पण वेळापत्रकात आजवर कोणी चूक काढलेली नाही. त्यामुळे या वयात घरच्या घरी चित्रकला शिकायचं मनाने घेतलं तेव्हा मी पेन्सिलीच्या आधी पट्टी विकत आणली आणि मोठ्या कागदावर एक तक्ता आखला.

पहिला आठवडा रेषा. मग कप-बश्या. मग खुर्ची. मग इमारतीचा पॅसेज, म्हणजे जवळचं मोठं आणि लांबचं लहान काढायची विद्या. मग माणसाचा चेहरा. आणि अगदी शेवटच्या आठवड्यात सावली. सावली शेवटी ठेवण्यामागे विचार होता. आधी वस्तू, मग तिची सावली, हा निसर्गाचाही क्रम आहे. तक्त्याच्या तळाशी लाल शाईने दोन नियम लिहिले. खोडरबर वापरायचा नाही, आणि झालेल्या आठवड्यात परत जायचं नाही. पहिला नियम जाणकारांचा आहे म्हणतात. दुसरा आमच्या खात्याचा.

तक्ता स्वयंपाकघराच्या दाराशेजारी चिकटवला. बायको ओले हात पुसत आली, वरपासून खालपर्यंत वाचलं आणि चेहऱ्याच्या आठवड्यापाशी थांबली. तिथे मी 'घरातील उपलब्ध व्यक्ती' असं लिहिलं होतं. घरात उपलब्ध मीच असते, असं ती म्हणाली. मग तक्त्याकडेच बघत तिने विचारलं, "त्यात माझे डोळे उघडे असतील ना?"

याचा खुलासा करायला हवा. माझ्या बायकोचा डोळे उघडे असलेला एकही फोटो जगात नाही. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळे मिटून आहे. लग्न तिला दिसलंच नाही अशी थट्टा मी बरीच वर्षं करत आलो. पण अलीकडे तिच्या ओळखपत्राचा अर्ज फोटोपायी परत आला, पुन्हा दिला तर पुन्हा परत आला, आणि शेवटच्या खेपेला कारकुनाने शेरा मारला होता, 'अर्जदार झोपेत आहे.' मी हसलो. ती हसली नव्हती. मी मेल्यावर भिंतीवर लावायला तरी जागी असलेली मी नको का, असं ती म्हणाली होती, आणि ते मला नीट ऐकू आलं नाही असं मी दाखवलं होतं. तेव्हा आता मी तिला शब्द दिला. उघडे डोळे, दोन्ही, ठरल्या आठवड्यात.

रेषांचा आठवडा निर्विघ्न पार पडला, म्हणजे विघ्न आलं ते माणसांचं. पॅसेजच्या टोकाला राहणारे गृहस्थ निवृत्त भूमिती शिक्षक आहेत आणि इमारतीचे सेक्रेटरीही तेच. त्यांना सगळे कोनकाका म्हणतात. ते रोज येऊन माझ्या रेषा पट्टीने तपासत आणि दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर या विषयावर सर्वांत लांब व्याख्यान देत. मी चहा पाजत होतो आणि गप्प बसत होतो. कलेच्या वाटेवर अपमान गिळावा लागतो हे मी मनाशी धरलं होतं.

मग कप काढला. तो एका बाजूला कलला आणि त्याचा कान फार खाली आला. पहिला प्रयत्न म्हणून मी स्वतःला माफ केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना तो माझ्या शर्टावर सांडला. बघतो तर कपाचा काठ एका बाजूला उतरलेला आणि कान तळाशी टेकलेला. हा कप असाच होता का, असं मी बायकोला विचारलं. तिने कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचा चहा दुसऱ्या बाजूने प्यायला सांगितलं. मला वाटलं, चित्र काढायला लागल्यामुळे मला आता वस्तू नीट दिसायला लागल्यात. मी थोडा खूशही झालो.

खुर्चीच्या आठवड्यात मात्र तसं वाटून घेता येईना. मी बसत होतो तिथून खुर्चीचा चौथा पाय दिसत नव्हता, म्हणून मी तो काढला नाही. दिसेल तेच काढावं असं सगळे सांगतात. चित्र झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी कोनकाका आले, त्याच खुर्चीवर बसले आणि काटकोनाचं महत्त्व सांगू लागले. सकाळचं ऊन खिडकीतून थेट त्यांच्यावर पडलं होतं. माझं लक्ष सहज जमिनीकडे गेलं. तिथे कोनकाकांची सावली होती, एक पाय दुसऱ्या पायावर टाकून, हात हलवत, आरामात बसलेली. पण ती कशावरही बसलेली नव्हती. तिच्याखाली नुसतं ऊन होतं.

मी वाकून पाहिलं. खुर्चीला तीनच पाय होते. चौथा मोडला नव्हता, त्याची जागाच नव्हती. तरी खुर्ची डुगडुगत नव्हती आणि कोनकाकांना काही जाणवलं नव्हतं. कपाटाजवळ जाऊन कप उन्हात धरला. माझ्या हाताची सावली पडली, बोटं काहीतरी धरल्यासारखी वाकलेली, आणि त्यांच्यात काही नव्हतं. सावलीचा आठवडा अजून आलेला नव्हता.

शहाण्या माणसाने इथेच पेन्सिल ठेवली असती. पण तक्ता भिंतीवर होता, आणि आखलेला तक्ता अर्ध्यावर सोडणं मला आजवर जमलेलं नाही. शिवाय मी स्वतःची समजूत काढली की पॅसेज सगळ्यांचा आहे, तो माझ्या एकट्याच्या चित्राला भीक घालणार नाही. आमच्या दारात स्टूल टाकून मी पॅसेज काढला. लांबचं लहान हे मला फारच चांगलं जमलं. शेवटचं दार तर इतकं छोटं आलं की मला स्वतःचा अभिमान वाटला.

सकाळी त्या दारातून कोनकाका रांगत बाहेर आले.

त्यांनी दिवसभर पट्टी आणि कोनमापक घेऊन पॅसेज मोजला. इथून तिकडे जाताना पॅसेज लांब भरत होता आणि तिकडून इकडे येताना जेवढा होता तेवढाच. आयुष्यभर शिकवलेली भूमिती अशी दगा देताना बघून त्यांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण कबुली द्यायची तर काय म्हणून द्यायची? त्यांनी नगरपालिकेत तक्रार केली. तिथून एक इन्स्पेक्टर मंजूर नकाशा घेऊन आला, टेप लावला, पुन्हा लावला, आणि इमारत नकाशाप्रमाणे नाही असा शेरा मारून सगळ्या रहिवाशांना नोटीस दिली. घरं बांधताना असं नव्हतं, असं कोनकाका म्हणाले. इन्स्पेक्टर म्हणाला, ते शक्य आहे, पण खात्याच्या दृष्टीने कागद बरोबर असतो आणि इमारत चुकते. त्याला काय माहीत की यावेळीही तसंच झालं होतं, फक्त कागद माझा होता.

नोटीस बघून मी घाबरलो आणि आयुष्यातला पहिला नियमभंग केला. खोडरबर आणला आणि चित्रातल्या पॅसेजचा टोकाचा कोपरा पुसायला घेतला. सगळं पुसून नव्याने काढावं असा बेत होता. पण कागद काळपट झाला, रेष पुरती जाईना, आणि मी तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी पॅसेजच्या त्या कोपऱ्यात काहीच नव्हतं. अंधार नव्हता, भिंतही नव्हती. काचेवर वाफ धरावी तसं काहीतरी होतं, आणि त्याकडे फार वेळ बघवत नव्हतं. कोनकाकांची छत्री तिथे टेकून ठेवलेली असे. तिची फक्त मूठ उरली होती. मी त्या जागेवर एक मोठं कॅलेंडर टांगलं. खिळा भिंतीत गेल्याचा आवाज आला नाही, पण कॅलेंडर राहिलं. ते वारा नसताना हलतं, एवढंच.

या सगळ्यात माझी स्वतःचीही प्रकृती ठीक नव्हती. आधी चष्मा वाकडा बसू लागला. चष्मेवाल्याकडे दोनदा जाऊन आलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याने चष्मा काचेच्या टेबलावर ठेवून दाखवला आणि अदबीने सांगितलं की चष्मा सरळ आहे साहेब, कान खाली गेलाय. वयोमानाने कान खाली जातात का, असं मी विचारलं. दोन्ही जातात, असं तो म्हणाला.

त्यानंतरचा प्रसंग सांगताना अजूनही लाज वाटते. आमचे हेडक्लार्क वारले आणि ऑफिसात शोकसभा झाली. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर होता. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून मान वर केली तर साहेब माझ्याकडे रोखून बघत होते. मी हसत होतो. म्हणजे मी हसत नव्हतो, माझं तोंड हसत होतं. बाथरूममध्ये जाऊन आरशात पाहिलं. ओठांची दोन्ही टोकं वर गेलेली. बोटांनी खाली ओढली, ती सावकाश पुन्हा वर गेली. साहेबांनी लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं, 'सदर हास्य माझे नसून ते कोठून आले याची मला कल्पना नाही.' तो खुलासा आता वरच्या कार्यालयात गेला आहे, आणि वाटेत ज्यांनी ज्यांनी वाचला ते सगळे हसले असं कळतं. त्यांना कोणी खुलासा विचारलेला नाही.

आणि मग तो बसस्टॉप. सकाळी रांगेत उभा असताना माझं स्वतःच्या सावलीकडे पहिल्यांदाच लक्ष गेलं. सगळ्यांच्या सावल्या रस्त्याकडे पडल्या होत्या आणि माझी एकट्याची उलट बाजूला, उन्हाकडे तोंड करून. माझ्या मागच्या बाईंनी ते पाहिलं. त्या पिशवी छातीशी धरून रांग सोडून लांब जाऊन उभ्या राहिल्या. आभाळात ढगाचा पत्ता नसताना मी छत्री उघडली. छत्रीची सावलीही रस्त्याकडेच पडली, आणि माझी तिच्या बाहेर.

मी स्वतःचं चित्र काढलेलं नव्हतं. मग हे काय होतं? ही चीज हाताबाहेर गेली आहे आणि आता कागदाचीही वाट बघत नाही, असं मी धरून चाललो. आणि पुढचा आठवडा चेहऱ्याचा होता.

मला डोळे काढता येत नव्हते. हे मी सरावाच्या कागदावर, कोणाचेही नसलेले डोळे काढून पाहिलं होतं. एक कपाळाकडे जाई, दुसरा नाकात शिरे. एकदा मी बुबुळच विसरलो होतो, आणि तो कागद लगेच जाळून टाकला. तिला मी शब्द दिला होता, आणि तो पाळला तर सकाळी ती कशी उठेल ते मला रात्रंदिवस दिसू लागलं. शेवटी एका दुपारी, ती बाहेर गेलेली असताना, मी तक्त्यावर कागदाची पट्टी चिकटवली आणि 'चेहरा' च्या जागी 'भांडी' असं लिहिलं.

संध्याकाळी ती आली, तक्त्यासमोर उभी राहिली आणि आत गेली. जेवणं झाली. ताटं उचलताना ती म्हणाली, "खुर्ची झाली. कप झाला. कोनकाकांचं दारसुद्धा झालं. माझी वेळ आली तर भांडी."

मग मी सगळं सांगितलं. खुर्चीचा पाय, कोनकाकांची सावली, कॅलेंडरमागची जागा. मला वाटलं ती डॉक्टरकडे चला म्हणेल. ती ताटं हातात तशीच धरून म्हणाली, "मला माहीत आहे की. तीन पायांच्या खुर्चीवर बसून मी रोज भाजी निवडते." आणि ताटं ठेवून तिने विचारलं, "तुमचा चष्मा का वाकडा होतो असं वाटतं तुम्हाला?"

फळीवरच्या डब्याखालून तिने जुन्या कॅलेंडरची पानं काढली. त्यांच्या कोऱ्या बाजूला सगळीकडे मी होतो. टेबलाशी वाकून, जीभ दातात धरून, कप काढणारा मी. रोज संध्याकाळी तासभर कोणी न हलता समोर बसत असेल तर शिकायला आणखी काय लागतं, असं ती म्हणाली. तिने माझा तक्ता वाचला होता, पण पाळला नव्हता. तिने चेहऱ्यापासूनच सुरुवात केली होती. पहिल्या चित्रात माझा डावा कान गालाशी आला होता. पुढच्या चित्रात सावली होती, चांगली दाट, फक्त खिडकी कुठल्या बाजूला आहे ते तिच्या मागाहून लक्षात आलं. आणि त्यानंतरच्या सगळ्या चित्रांत मी हसत होतो.

"मी असा हसत नाही," मी म्हणालो.

"हसायचात. आठवलं तसं काढलं."

राग यायला हवा होता. माझी नोकरी त्या ओठांवर लटकली होती. पण ते हसू ओळखीचं निघालं, हे सांगून टाकतो. तुला भीती नाही वाटली का, एवढंच मी विचारलं.

"वाटली ना. कान खाली आला त्या सकाळी तुम्ही उठेपर्यंत मी बघत बसले होते. कान तेवढा चुकला होता, बाकी सगळे तुम्हीच होतात. मग धीर आला. हसू मुद्दाम काढलं." मग तिने हात पुसले. "आता माझे डोळे काढा."

सुट्टीच्या दिवशी जेवण उरकल्यावर ती त्या तीन पायांच्या खुर्चीवर येऊन बसली. केस नीट केले होते. मी पेन्सिल उचलली आणि लक्षात आलं की कुठून सुरुवात करायची ते मला माहीत नाही. इतकी वर्षं जे समोर होतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं. हनुवटीखाली एक जुना व्रण होता. हा कशाचा, असं मी विचारलं. लहानपणी जिन्यावरून पडले, ती म्हणाली, तुम्ही कधी विचारलं नाहीत. मी व्रण काढला. कपाळ काढलं, नाक काढलं, ते बरं आलं. दुपार कलत गेली. कागदावर तिचा चेहरा भरत आला आणि डोळ्यांच्या दोन जागा कोऱ्या राहिल्या, आणि समोर तिचे दोन डोळे माझ्याकडे बघत होते, पाण्याने भरलेले, कारण पापणी लवायला नको म्हणून ती केव्हापासून थांबली होती.

बदल रात्रीतून होतो, आणि कोरं ठेवून उठलो तर काय होईल ते कॅलेंडरमागे होतं. मी श्वास रोखून डोळे काढले. आधी उजवा, मग डावा. पुसलं नाही. ती उठायला लागली तेव्हा मी तिला बस म्हणालो. तिच्या मागे भिंतीवर तिची सावली पडली होती, आणि तक्त्याप्रमाणे ती पुढच्या आठवड्यात यायची होती. उद्या सकाळपासून तोवर बायको बिनसावलीची फिरली असती. मी तक्त्याकडे पाठ केली आणि खिडकी कुठल्या बाजूला आहे ते दोनदा बघून सावलीही कागदावर काढली. भांड्यांची पट्टी ही दुरुस्ती होती; आयुष्यात वेळापत्रक मोडलं ते या एका वेळी.

सकाळी मला जाग आली तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. कधी उठलीस, असं मी विचारलं. ती बोलली नाही. बुबुळं हलत नव्हती. मी हाक मारली, मग खांदा हलवला, तेव्हा तिने मोठा श्वास घेतला, जांभई दिली आणि किती वाजले म्हणून विचारलं. मग ती आरशासमोर गेली आणि इतका वेळ तिथे उभी राहिली की मला पलंगावरून उठवेना.

"डावा जरा मोठा झालाय," ती शेवटी म्हणाली. आणि मग, "पण दोन्ही उघडे आहेत."

त्याच आठवड्यात आम्ही फोटोवाल्याकडे गेलो. एका फोटोत काम झालं. अर्ज शेऱ्याशिवाय मंजूर झाला आणि ओळखपत्र आलं. ते तिने स्वयंपाकघरात, तक्ता काढून टाकला तिथे, लावलं आहे. पॅसेजचाही निकाल लागला. इमारत सरळ करण्यापेक्षा नकाशा वाकडा करणं सोपं असं नगरपालिकेला आढळलं, आणि कोनकाका आता वाकून ये-जा करतात. साहेबांना माझ्या हसण्याची सवय झाली आहे. चष्मेवाला काडी वाकवून देतो.

बायको म्हणते, इतकी छान झोप तिला पूर्वी कधी लागली नव्हती. डोळे मिटता येतात, पण मिटलेले राहत नाहीत, आणि त्याचं तिला काही नाही. दिवा मालवला की ती गाढ झोपते, माझ्याकडे टक लावून, आणि शेजारी मी जागा असतो, हसतमुखाने.